चारशे चार किलोमीटर

सांबऱ्याच्या विमानतळावरून मुंबईचा विमानतळ किती लांब, असे कोणी विचारले तर गेल्या पावसाळ्यापर्यंत मी चटकन उत्तर देत असे : सरळ रेषेत ४०४ किलोमीटर, वेळ एक तास. हे उत्तर चुकीचे नाही. अक्षांश-रेखांश घेऊन कोणीही गणित करावे, उत्तर एवढेच येईल. पण या बरोबर उत्तरावर विसंबून मी माझ्या वडिलांना त्यांच्या सख्ख्या बहिणीच्या शेवटच्या दर्शनाला मुकवले, आणि म्हणून या आकड्याविषयी चार शब्द लिहावेत असे वाटले. आमच्या वाणिज्य शाखेच्या मुलांवर नेहमीचा आरोप असतो की आम्ही फक्त आकडेमोड करतो. तो आरोप मान्य करूनच हा लेख लिहीत आहे, कारण माझी तक्रार आकडेमोड केल्याची नसून अर्धीच केल्याची आहे.

आधी आकडा कसा तयार होतो ते पाहू. पृथ्वीच्या गोलावर दोन ठिकाणांमधले सर्वांत जवळचे अंतर म्हणजे त्या दोन ठिकाणांतून जाणाऱ्या महावर्तुळाचा तुकडा. मुंबई-न्यूयॉर्कसारख्या लांबच्या प्रवासात हा तुकडा सपाट नकाशावर चांगलाच वाकडा दिसतो. आपल्या चारशे किलोमीटरांत तो पट्टीने ओढलेल्या रेषेपेक्षा वेगळा दिसत नाही. मी खरोखरच भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवून पाहिली आहे. सांबऱ्याहून निघालेली रेषा पन्हाळ्यावरून जाते, कोयनेच्या जलाशयावरून सह्याद्री ओलांडते, महाडवरून आणि पेणजवळून जाऊन मुंबईला पोहोचते. रस्त्याने जाणाऱ्याला हे सुख नाही. निपाणी, कोल्हापूर, कराड, सातारा, पुणे असा तो घाटमाथ्याच्या पूर्वेनेच वर चढत जातो आणि थेट खंडाळ्याला खाली उतरतो; त्याचे अंतर पाचशेच्या आतबाहेर भरते. रेल्वे मिरज-पुण्याचा फेरा घेते म्हणून तिचे सहाशेच्या आसपास जाते. म्हणजे विमानाने आपले शंभर ते दोनशे किलोमीटर वाचतात, हे अगदी खरे.

आता वेळ. ठोकताळा असा आहे की जेट विमानाचा वेग ताशी ८०० किलोमीटर धरावा आणि चढण्या-उतरण्याचा अर्धा तास वर मिळवावा. ४०४ ला ८०० ने भागले की अर्धा तास, अधिक अर्धा तास, एकूण एक तास. इतके सुटसुटीत उत्तर आले की माणसाला पुढे विचार करावासा वाटत नाही. पण ताशी ८०० हा वेग विमानाला वर गेल्यावर मिळतो, आणि चारशे किलोमीटरांच्या फेरीत विमान वर जाऊन स्थिर होते न होते तोच खाली यायला लागते. पंख्यांचे एटीआर जातीचे विमान असेल तर त्याचा वेगच ताशी पाचशेच्या आसपास असतो. शिवाय वेळापत्रकात छापलेली वेळ ही हवेतली वेळ नसतेच. चाकांखालचे ठोकळे काढले की घड्याळ सुरू होते आणि दुसऱ्या टोकाला ठोकळे परत लावले की थांबते. त्यात धावपट्टीपर्यंत सरकत जाणे आले, पुढच्या विमानाची वाट पाहणे आले, उतरल्यावर उभे राहण्याची जागा शोधणे आले. म्हणून हवेतला पाऊण तास वेळापत्रकात एक तास दहा मिनिटे किंवा सव्वा तास होतो. कंपन्या त्यात थोडी सैल जागाही ठेवतात, म्हणजे उशिरा निघालेले विमानसुद्धा वेळेवर पोहोचल्याचे दिसते. हिशेबात अशी तरतूद करणे गैर नाही, आम्हीही बुडीत कर्जासाठी तरतूद करतोच.

आणखी एक गोष्ट मला अनुभवाने कळली. विमान शक्य तोवर वाऱ्याच्या विरुद्ध तोंड करून उडते आणि उतरते. सांबऱ्याची धावपट्टी पूर्व-पश्चिम आहे, मुंबई इथून वायव्येच्याही उत्तरेला. पावसाळ्यात पश्चिमेचा वारा असला की विमान आधी पश्चिमेला पळते, मग वळते. मुंबईलाही तोच वारा, म्हणून तिथे उतरणारे विमान शहराच्या पूर्वेला जाऊन घाटकोपरच्या बाजूने परत येते. मुंबईला धावपट्ट्या दोन, पण त्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरात राहते; आणि तिच्यावर दिवसाला नऊशेच्या वर विमाने चढतात-उतरतात. तिथे जागा नसली की इथल्या विमानाला इथेच जमिनीवर थांबवून ठेवतात, कारण हवेत घिरट्या घालून इंधन जाळण्यापेक्षा ते स्वस्त. मुंबईच्या पावसाचा उशीर अशा रीतीने सांबऱ्याच्या कोरड्या उन्हात येऊन बसतो.

हे सगळे मला आधी ठाऊक नव्हते. मला ठाऊक होते ४०४ आणि एक तास.

माझी आत्या डोंबिवलीला असे. वडिलांपेक्षा सहा वर्षांनी मोठी. वडील तिला आक्का म्हणत. गेल्या पावसाळ्यात एका गुरुवारी रात्री सव्वानऊला आतेभावाचा फोन आला की आई गेली. वडील काही न बोलता आत गेले आणि पिशवी भरू लागले. "साडेधाची गाडी मिळत्याय," एवढेच आईला म्हणाले. आमच्या इथून रात्री आठपासून साडेदहापर्यंत मुंबईच्या बसेस सुटत असतात, एखादी जागा कशीही मिळते, हे त्यांना इतक्या वर्षांच्या सवयीने पाठ. मी मात्र फोन उघडून बसलो होतो. दुसऱ्या दिवशी दुपारी बारा चाळीसचे विमान होते. मी हिशेब मांडला : बारा चाळीसला निघाले की एक पन्नासला मुंबई, तिथून तासाभरात डोंबिवली, फार तर तीन. आतेभावाला विचारले, तो म्हणाला मामा येईपर्यंत थांबतो, चारपर्यंत काही करत नाही. वडिलांची कंबर धरलेली, रात्रभर बसने धक्के खात जाण्यापेक्षा हे बरे, असे मी म्हणालो. शिवाय माहेरची साडी न्यायची होती. रात्री दुकाने बंद. सकाळी शहापुरात ओळखीच्या दुकानदाराला लवकर उघडायला सांगता येईल, हा माझा दुसरा मुद्दा. आईला तो पटला. वडील पिशवीजवळ थोडा वेळ उभे राहिले. मग म्हणाले, "तू म्हणतोस तर तसं करू या. शिकलेला हाईस."

पुढचे थोडक्यात सांगतो. सकाळी साडी घेतली, पावणेअकराला घरातून निघालो, साडेअकराला सांबऱ्याला पोहोचलो. बाराच्या सुमारास कळले की मुंबईला पाऊस आहे, विमान उशिरा सुटेल. किती, ते कोणी सांगेना. दोन वाजून पाच मिनिटांनी विमान उडाले. मुंबईजवळ दोन घिरट्या झाल्या. ढगांच्या फटीतून खाली ठाण्याची खाडी दिसली तेव्हा माझ्या घड्याळात तीन वाजून पाच मिनिटे झाली होती. त्या क्षणी आत्याचे घर आमच्यापासून सरळ रेषेत वीस किलोमीटरांवर असेल. उतरलो, दाराशी शिडी यायला वेळ, साडीची पिशवी सामानात दिलेली म्हणून पट्ट्याजवळ वीस मिनिटे. टॅक्सी मिळाली ती घाटकोपर, ऐरोली, शिळफाटा असे पाणी तुडवत तुडवत सहा वाजून वीस मिनिटांनी डोंबिवलीत आली. पाचपर्यंत त्यांनी वाट पाहिली होती. पावसाचे दिवस, स्मशानात पुढची नंबराची माणसे उभी, ते तरी किती थांबणार? त्यांना बोल लावायला जागा नाही.

आमच्याच गल्लीतले एक काका, आत्याच्या सासरच्या नात्यातले, आदल्या रात्रीच्या साडेदहाच्या बसने निघाले होते. ते सकाळी नऊ वाजून गेल्यावर डोंबिवलीत होते. खांदाही त्यांनी दिला. आम्हाला पाहून तेच पुढे आले आणि वडिलांना म्हणाले, "गाडीत तुमच्यासाठी जागा धरून ठेवली होती की." वडिलांनी मान हलवली. ती साडी आमच्या बरोबरच परत आली आहे, कपाटात आहे. मला त्यावरून घरात आजपर्यंत कोणी एक शब्द बोललेले नाही.

यात कोणाची चूक, हे शोधत बसण्यात अर्थ नाही. पाऊस कोणाच्या हातात नाही, आणि मुंबईची धावपट्टी वैमानिकाने बांधलेली नाही. पण माझ्या हिशेबातली चूक मात्र मला शोधता आली, आणि ती माझ्या एकट्याची नाही असे मला वाटते. आमच्या गावात विमानाविषयी जी चर्चा चालते तिच्यात सगळे हीच चूक करतात : पुढारी करतात, वर्तमानपत्रे करतात, आणि "आता मुंबई तासावर आली हो" असे म्हणणारे आमचे गुरुजनही करतात.

पहिली गोष्ट अगदी साधी आहे. प्रवास विमानतळापासून सुरू होत नाही. गावातून सांबऱ्याला जायला रिक्षाने किंवा गाडीने अर्धा-पाऊण तास. सुटण्याच्या तासभर आधी सामानाची खिडकी बंद होते, म्हणून त्याच्याही आधी पोहोचायला हवे. मग छापील एक तास दहा मिनिटे. मग सामान. मग मुंबईतला रस्ता, तो पावसाळ्यात दोन तास धरा. सगळे सुरळीत झाले तरी साडेपाच तास झाले. बसला घर ते घर साडेअकरा तास लागतात असे धरले, तर फरक सहा तासांचा. बस आणि विमान यांची तुलना अकरा विरुद्ध एक अशी कधीच नव्हती. ती साडेअकरा विरुद्ध साडेपाच अशी आहे. त्या आयत्या वेळच्या तिकिटाला आम्ही माणशी सात हजारांच्या वर दिले, बसला हजार-बाराशे पडले असते. म्हणजे तासाला हजार रुपये देऊन आम्ही सहा तास विकत घेत होतो. आमच्या घरात तासाला हजार रुपये कोणीही मिळवत नाही. आणि विकत काय घेतले? दिवसाचे तास वाचवले म्हणावे तर उलटच झाले. बस रात्रीची, म्हणजे झोपेच्या वेळची, आणि विमानाने आमचा अख्खा दिवस खाल्ला.

पण खरी चूक याहून खोल आहे आणि ती मला बऱ्याच दिवसांनी, खर्च-लेखांकनाच्या तासाला, भलत्याच उदाहरणावरून सुचली. मालाचा पुरवठा किती दिवसांत होतो हे मोजताना आपण वाहतुकीचे दिवस मोजतो आणि गाडी सुटण्याची वाट पाहण्याचे दिवस विसरतो. विमानाचे तसेच आहे. दिवसाला एकच फेरी असेल, तर एखाद्या माणसाला कोणत्याही घटकेला मुंबईला जावेसे वाटले तर त्याने सरासरी बारा तास नुसते थांबायचे. आठवड्यातून चारच दिवस फेरी असेल, तर दोन फेऱ्यांमध्ये सरासरी बेचाळीस तास, आणि थांबणे सरासरी निदान एकवीस तासांचे. हे तास कोणत्याही वेळापत्रकात छापत नाहीत. माझ्या वडिलांच्या बाबतीत फोन सव्वानऊला आला आणि विमान दुसऱ्या दिवशी बारा चाळीसला. वाट पाहणेच सव्वापंधरा तासांहून जास्त. बसची वाट सव्वा तासाची. त्या रात्री मुंबई बसने जवळ होती आणि विमानाने लांब होती. हे गणित सातवीतल्या मुलालाही येते. मी मांडले नाही एवढेच.

लग्न, मुलाखत, प्रवेश-परीक्षा यांना हे लागू नाही, हे मान्य केले पाहिजे. ज्याची तारीख तीन महिने आधी ठरलेली असते त्याला वाट पाहावी लागत नाही; तो विमानाला आपली वेळ जुळवून घेतो, तिकीटही स्वस्तात काढतो. त्याच्यासाठी मुंबई खरेच साडेपाच तासांवर आहे. पण दुसऱ्या जातीचा प्रवास असतो, ज्याची तारीख आपण ठरवत नाही. मरण, आजार, अपघात, बाळंतपण. अशा प्रवासात लागणारा वेळ विमानाच्या वेगावर जवळजवळ अवलंबून नसतो, फेऱ्यांच्या संख्येवर असतो. विमान ताशी आठशेच्या जागी सोळाशे किलोमीटर उडाले असते तरी आमची पंधरा-वीस मिनिटे वाचली असती. दिवसाला दोन फेऱ्या असत्या, एक सकाळी सातला, तर वडील वेळेवर पोहोचले असते, पाऊस धरूनसुद्धा.

आमच्या गावाचे दुर्दैव म्हणा की वैशिष्ट्य म्हणा, आम्ही सगळ्यांच्या मधोमध आहोत. मुंबई ४०४ किलोमीटर, हैदराबाद ४३४, बेंगळूर ४४५. तीन राज्यांच्या तीन राजधान्या आणि तिन्ही जवळजवळ सारख्याच अंतरावर! गोव्याचा दाबोळी विमानतळ तर सरळ रेषेत जेमतेम शंभर किलोमीटर, मोपा त्याहून जवळ, हुबळी ७५, कोल्हापूर ९६. नकाशा पाहिला तर वाटावे, विमानाच्या दृष्टीने याहून भाग्यवान गाव नसेल. पण शेजारी इतके विमानतळ असल्यामुळेच विमाने इथे स्थिरावत नाहीत. सांबऱ्याचा तळ १९४२ साली, महायुद्धाच्या काळात, इंग्रजांच्या विमानदलाने उभारला. १८ डिसेंबर १९६१ च्या सकाळी इथूनच हंटर विमाने उडाली आणि त्यांनी गोव्यात बांबोळीचे पोर्तुगीजांचे बिनतारी केंद्र निकामी केले. त्या विमानांना जायला किती मिनिटे लागली असतील, ते शंभर किलोमीटरांवरून वाचकांनीच काढावे. आज त्याच गोव्याला आम्ही चोर्ला घाटातून वळणे घेत जातो आणि वाटेत एकदा तरी गाडी थांबवून कोणीतरी ओकतोच.

उडान योजना २०१६ साली आली. तासाभराच्या, म्हणजे सुमारे पाचशे किलोमीटरांच्या, प्रवासाला अडीच हजार रुपयांची मर्यादा घातलेल्या जागा ठेवायच्या आणि कंपनीचा तोटा तीन वर्षे सरकारने भरून काढायचा, अशी ती योजना. हुबळी २०१८ मध्ये तिच्यात गेली आणि बेळगावहून उडणारी काही विमाने तिकडे वळली. इथे त्याआधीच्या सप्टेंबरात नव्या इमारतीचे उद्घाटन झाले होते. इमारत नवी आणि विमाने शेजारी, असे ते दिवस होते. २०१९ च्या जानेवारीत बेळगावचे नाव तिसऱ्या फेरीत आले आणि मग मुंबई, हैदराबाद, इंदूर, नाशिक अशा फेऱ्या सुरू झाल्या. इंदूरची फेरी सुरू झाली तेव्हा इथल्या किती जुन्या मराठी घरांना तिकडच्या सोयऱ्यांची आठवण झाली असेल! पण तीन वर्षांचे अनुदान म्हणजे तीन वर्षांचे अंतर. अनुदान संपले की नवी फेरी टिकेलच असे नाही, आणि फेरी गेली की गाव पुन्हा होते तिथेच. जमिनीवरचा रस्ता असा उठून जात नाही. म्हणून नवीन शहराला फेरी सुरू झाली की फटाके वाजवण्याऐवजी, चालू असलेल्या फेरीची दुसरी वेळ मिळवण्यासाठी आपण भांडले पाहिजे असे माझे मत आहे. दहा गावांना आठवड्यातून तीनदा जाण्यापेक्षा तीन गावांना दिवसातून दोनदा जाणे जास्त उपयोगाचे. उद्योजकांच्या संघटना नव्या गावांची यादी मागतात, कारण त्यांच्या प्रवासाच्या तारखा आधी ठरतात. इतरांच्या वतीने कोणी मागत नाही.

या अंकाच्या कन्नड विभागाचा संपादक माझा वर्गमित्र आहे. त्याला हे सगळे सांगितले तेव्हा तो हसून म्हणाला, तुमच्या मराठीतच उत्तर आहे. खेड्यातल्या म्हाताऱ्याला अंतर विचारले तर तो किलोमीटर कधी सांगतो का? हाकेवर आहे म्हणतो, तंबाखू मळेपर्यंत येते म्हणतो, दोन मजला म्हणतो. त्यांच्याकडे हरदारी हा शब्द आहे, आपल्या कोसासारखा. त्याची आजी अजून हरदारीने बोलते आणि "एष्टु दूर" असे विचारले की आधी विचारते, चालत की गाडीने, एकटा की पोरे बरोबर. मला हे फार शहाणपणाचे वाटते. आजीला अंतर हे माणसावर अवलंबून असते हे ठाऊक आहे. त्याच्या घरी बेंगळूरला जाण्यावरून असाच वाद झाला. विमान तासाचे, म्हणून वडील विमान म्हणत. १० ऑगस्ट २०२५ ला बेळगाव-बेंगळूर वंदे भारत गाडी सुरू झाली, ती साडेआठ तासांच्या आसपास घेते. त्याने मांडलेला हिशेब माझ्यासारखाच निघाला : बेंगळूरचा विमानतळ देवनहळ्ळीला, शहरापासून चांगला तीस-चाळीस किलोमीटर लांब, म्हणून घर ते घर विमानाला पाच तास. रेल्वे मात्र शहराच्या पोटात नेऊन सोडते. साडेआठ विरुद्ध एक असा फरक दिसत होता तो साडेआठ विरुद्ध पाचवर आला, आणि मग तिकिटाकडे पाहून वडीलच म्हणाले, रेल्वेच बरी.

उलट उदाहरणही दिले पाहिजे, नाहीतर मी विमानाच्या विरुद्ध आहे असा समज होईल. नवी मुंबईच्या विमानतळाचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ ला झाले आणि त्याच डिसेंबरात तिथून विमाने सुटू लागली. सांबऱ्याहून तो सरळ रेषेत सुमारे ३८५ किलोमीटर पडतो, म्हणजे जुन्या विमानतळापेक्षा वीस किलोमीटरांनी जवळ. हवेत याने दोन-तीन मिनिटे वाचतील, त्याला कोणी विचारत नाही. पण डोंबिवली, कल्याण, पनवेल, वाशी इथे आमच्या भागातली जी हजारो माणसे जाऊन राहिली आहेत त्यांच्या दाराशी जाण्यासाठी अख्खी मुंबई ओलांडायची गरज उरत नाही. आकड्यांत वीस किलोमीटर, माणसांच्या हिशेबात दीड तास. धावपट्टीही नवी, जुन्या मुंबईच्या रांगेत उभे राहायला नको. आमच्या गावाने पाठपुरावा करायचा तर सांबरा-नवी मुंबई सकाळच्या फेरीचा करावा.

आणि एक मागणी फार छोटी आहे, तिला दिल्लीला जावे लागणार नाही. सांबऱ्याला विमानाच्या वेळा सांभाळणारी नगर बस हवी. चारशे किलोमीटर उडणाऱ्या माणसाने पहिले दहा किलोमीटर जाण्यासाठी रिक्षावाल्याशी घासाघीस करत बसावे, हे काही ठीक नाही. बसच्या वेळा विमानाच्या वेळांशी जुळवायला मोठ्या हुशारीची गरज नाही; आमच्या वर्गातली दोन मुले एका दुपारी ते पत्रक करून देतील, फुकट.

माझ्या आकड्यांपैकी अंतरे मी अक्षांश-रेखांशांवरून स्वतः काढली आहेत, त्यात एखाद-दुसऱ्या किलोमीटरची चूक संभवते. बस आणि टॅक्सीचे तास त्या एका प्रवासातले आणि गल्लीतल्या काकांना विचारून घेतलेले. बेंगळूरचा सविस्तर हिशेब याच अंकात कन्नड विभागात माझ्या मित्राने मांडला आहे. त्याचा आणि माझा ताळेबंद एकमेकांशी जुळत नाही, तो सांबऱ्यापर्यंतचा वेळ माझ्यापेक्षा दहा मिनिटे कमी धरतो, कारण त्याच्याकडे मोटारसायकल आहे. दोन्ही भाषा येणाऱ्या वाचकांनी दोन्ही हिशेब तपासावेत आणि चूक सापडल्यास वाणिज्य मंडळाच्या फलकावर लिहावी.